खानेसुमारी आणि घर नसलेला मनुष्य

(१)

लोकसंख्येच्या मोजणीस मराठींत तीन शब्द आहेत. 'जनगणना' हा अलीकडचा, संस्कृतावरून घडविलेला. 'शिरगणती' हा बोलण्यांतला. 'खानेसुमारी' हा दप्तरांतला, फारसींतून आलेला व जुन्या कागदांत वारंवार भेटणारा. 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमार' म्हणजे मोजदाद. अर्थात् या शब्दाचा मूळ अर्थ माणसांची गणना असा नसून घरांची गणना असा आहे. घर मोजावें, त्याच्या उंबरठ्याआड किती माणसें आहेत तें विचारावें, आणि शेवटीं घरांची बेरीज मांडावी, ही ती पद्धति. शब्दाच्या पोटींच एक प्रश्न दडलेला आहे. ज्याला घरच नाहीं त्या मनुष्यानें या मोजणींत कोठें बसावें?

प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें आरंभींच थोडक्यांत सांगतों. ज्याला ठिकाण नाहीं त्याला दप्तराची लेखणी सामान्यतः तीन निमित्तांनीं पकडते: दुसऱ्या कोणाच्या तरी हमीवरून, कराच्या वसुलीसाठीं, किंवा संशयावरून. चौथी रीत म्हणजे तो जेथें निजला असेल तेथें रात्रीं जाऊन त्याला मोजणें. ही रीत सर्वांत निर्मळ. परंतु तिचा उपयोग त्या मनुष्याला स्वतःला सर्वांत कमी होतो. हें विधान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. म्हणून क्रमानें पुरावा मांडतों.

(२)

आरंभ कौटिलीय अर्थशास्त्रापासून करणें सोयीचें आहे. म्हैसूर येथें हाती लागलेल्या पोथीवरून शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध केला, हें वाचकांस विदितच आहे. त्याच्या कालाविषयींचा वाद येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. दुसऱ्या अधिकरणांत समाहर्ता व नागरिक या दोन अधिकाऱ्यांचीं कामें सांगितलीं आहेत. तेवढ्याच भागाशीं आमचें काम आहे.

समाहर्त्याच्या हाताखालीं 'गोप' नांवाचा अधिकारी असे व त्याच्याकडे पांच किंवा दहा गांवें असत. गांवाची सीमा, शेतें, घरें यांची त्यानें नोंद ठेवावी. घरांचे कर देणारीं व न देणारीं असे भाग पाडावे. त्या घरांतून शेतकरी, गोरक्षक, व्यापारी, कारागीर, मजूर व दास किती तें लिहावें. द्विपद व चतुष्पद दोन्हीं मोजावीं, अशी ती योजना. नगरांतील गोपाकडे दहा, वीस किंवा चाळीस कुळें असत, आणि त्यांतील स्त्री-पुरुषांची जाति, गोत्र, नांव, धंदा, तसाच आयव्यय त्याला माहीत असावा लागे. येथपर्यंत ही शुद्ध खानेसुमारीच आहे.

परंतु ग्रंथकाराची दृष्टि तेवढ्यावर थांबत नाहीं. वाटसरू, पाषंडी, तपस्वी हे कोणत्याच कुळांत बसत नाहींत हें त्याला ठाऊक आहे. म्हणून धर्मशाळेच्या चालकानें अशा मनुष्याची वर्दी देऊन मगच त्याला आंत घ्यावें, घरमालकानें आलेल्या व गेलेल्या पाहुण्याची खबर द्यावी, न दिल्यास त्या रात्रीं घडलेल्या अपराधाचा दोष त्याच्याकडे यावा, असे नियम त्यानें घातले आहेत. शिवाय गृहस्थाच्या वेषांत फिरणाऱ्या हेरांनीं आल्या-गेल्यांच्या येण्या-जाण्याचें कारण काढावें, हेंहि आहेच.

यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, अनिकेत मनुष्याची स्वतंत्र नोंद होत नाहीं. ती त्याच्या यजमानाच्या नोंदीस लोंबकळते. त्याच्याविषयीं बोलावयाचें तें दुसऱ्यानें बोलावयाचें. हमी व संशय या दोन्ही रीति येथें एकाच सूत्रांत गुंफलेल्या दिसतात. एकीचें तोंड यजमानाकडे, दुसरीचें हेराकडे.

(३)

आतां आपल्या दप्तराकडे वळूं. मराठी गांवाचा कागद जमिनीभोंवतीं बांधलेला आहे. थळझाड्यांत गांवचीं थळें, त्या त्या थळाचें मूळ घराणें, आणि सांप्रत वाहणारा कोण याची मांडणी असते. मिरासदार अथवा थळकरी हा त्या कागदाचा खरा नायक. दुसऱ्या गांवाहून येऊन जमीन करणारा तो 'उपरी'. उपऱ्यास घर असे, बैल असत, कित्येकदां पिढ्यान् पिढ्यांची वस्तीहि असे. तरी शब्द त्याच्या पायाखालची भूमि मान्य करीत नाहीं. कैकाडी समाजांत जन्मलेल्या एका लेखकानें १९८० सालीं आपल्या आत्मकथनास 'उपरा' हेंच नांव दिलें. जुन्या कागदांतील शब्दांचें आयुष्य किती लांब असतें याचें हें एक उदाहरण समजावें.

याच कागदांतील 'गतकुळ' हा शब्द आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. मिरासदाराचें घराणें परागंदा झालें किंवा नष्ट झालें तर त्याची जमीन गतकुळी म्हणून लिहीत. परंतु थळाचें नांव बहुधा त्या गेलेल्या घराण्याचेंच राही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीं निघून गेलेला मनुष्य कागदावर आपल्या ठिकाणीं कायम, आणि गांवकुसाबाहेर आज पाल ठोकून राहिलेला जिवंत मनुष्य कागदावर कोठेंच नाहीं. ठिकाण असलें तर माणूस नसला तरी चालतो. ठिकाण नसलें तर माणूस असून चालत नाहीं. गांवदप्तराचा हा नियम एकदां ध्यानांत आला म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

मग फिरस्ते त्या दप्तरांत मुळींच नाहींत काय? आहेत, परंतु दुसऱ्याच सदरांत. गोसावी, बैरागी, फकीर, खेळ करणारे, सोंगें आणणारे हे गांवखर्चाच्या बाजूस सांपडतात. त्यांना दिलेली शिधासामग्री किंवा पैका तेथें खर्ची पडलेला असतो. तेथें रक्कम काटेकोर असते, नांव मात्र क्वचितच. मेंढरें घेऊन रानोमाळ हिंडणारा धनगर वनचराईच्या सदरांत येतो, आणि तेथें त्याच्या माणसांपेक्षां जनावरांचा हिशेब महत्त्वाचा. लमाणांच्या तांड्याशीं सरकारचा व्यवहार नायकाच्या मार्फत चाले. लष्करास धान्य पुरविणाऱ्या तांड्याच्या दस्तकांत बैल किती हें प्रधान. बैलांमागें चालणाऱ्या बायका-मुलांचा आंकडा दप्तरास नको असे. कर व खर्च या दोन कुशींनीं दप्तर फिरस्त्यास स्पर्श करतें, आणि दोहींकडे त्याचें नांव गळून पडतें.

शहरांत रीत निराळी. पेशवाईंतील पुण्यांत कोतवालाच्या कामांत शहरांत नव्यानें येणाऱ्यांची व बाहेर जाणाऱ्यांची माहिती ठेवणें हें एक काम होतें. कौटिल्याचा नागरिक व पुण्याचा कोतवाल यांच्यांत कालाचें अंतर फार मोठें आहे; परंतु परक्या माणसाकडे पाहण्याची नजर एकच आहे. तो कोणाकडे उतरला, कशासाठीं आला, केव्हां जाणार, हेच तीन प्रश्न.

(४)

इंग्रजी अमलांत मोजणीचें स्वरूप पालटलें. मुंबई शहराची मोजणी १८६४ सालीं झाली तेव्हां लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. पुढें २१ फेब्रुवारी १८७२ रोजीं मुंबई इलाख्याची पहिली मोठी मोजणी झाली, तींत त्याच शहराची संख्या ६,४४,४०५ आली. आठ वर्षांत पावणेदोन लक्षांच्या आसपास माणसें कमी! यांतील कांहीं भाग मोजणीच्या पद्धतींतील फरकाचा असेल. परंतु अमेरिकेंतील यादवीमुळें १८६५ पर्यंत कापसाच्या व्यापारास जो भर आला होता, त्या भरांत आलेले लोक ओहोटीबरोबर निघून गेले, हें कारण मोठें. असल्या लोकांस घराच्या यादींत बांधून ठेवतां येत नाहीं, हें तेव्हांच्या अधिकाऱ्यांस या आंकड्यांनीं शिकविलें असावें.

१८८१ पासून सर्व देशभर एकाच रात्रीं मोजणी करण्याची पद्धति सुरू झाली. १७ फेब्रुवारी १८८१, २६ फेब्रुवारी १८९१, १ मार्च १९०१, १० मार्च १९११, १८ मार्च १९२१ व २६ फेब्रुवारी १९३१ या त्या रात्री. जुन्या पंचांगांशीं या तारखा ताडून पाहणाऱ्यास त्या सर्व पौर्णिमेच्या मागें-पुढें पडतात असें आढळेल. कारण सरळ आहे. प्रगणकास रात्रीं हिंडावयाचें. त्याला चांदणें हवें. तसेंच मोठी यात्रा, पर्वणी, लग्नाची दाट तिथि टाळण्याचाहि प्रयत्न असे. कारण त्या दिवशीं जो तो आपलें घर सोडून दुसरीकडे असतो.

पद्धति अशी कीं, कांहीं आठवडे आधीं घरोघर जाऊन कच्ची नोंद करावयाची; ठरलेल्या रात्रीं पुन्हां फिरून गेलेल्यांचीं नांवें खोडावयाचीं व आलेल्यांचीं घालावयाचीं. मनुष्य मूळचा कोठला हें गौण, त्या रात्रीं तो जेथें असेल तेथेंच तो मोजला जाई. वाटेवरच्या, धर्मशाळेंतल्या, नावेंतल्या व तळावरच्या लोकांसाठीं निराळी व्यवस्था असे. आगगाडीच्या उतारूंस स्टेशनावर मोजून, मोजल्याची चिठ्ठी हातीं देत, म्हणजे पुढें पुन्हां गणना होऊं नये. आणि पहाटे गाड्या थांबवून राहिलेल्यांची नोंद करीत.

या पद्धतीचें महत्त्व आमच्या मतें फार आहे. खानेसुमारीच्या हजारों वर्षांच्या परंपरेंत येथें प्रथमच राजसत्तेनें असें कबूल केलें कीं, मनुष्याचें ठिकाण म्हणजे त्याचें घर नव्हे. एका ठराविक रात्रीं त्याचें शरीर जेथें असेल तें त्याचें ठिकाण. घर हा मोजणीचा आधार सुटला व रात्र हा आधार आला. बेघर मनुष्य या एका रात्रीपुरता मिरासदाराच्या बरोबरीस बसला.

बरोबरी मात्र आंकड्यापुरतीच होती. १९११ च्या धंद्यांच्या वर्गीकरणांत भिक्षेकरी व भटके यांचा गट तुरुंगांतील कैद्यांच्या गटाबरोबर 'अनुत्पादक' या मथळ्याखालीं घातलेला आढळतो. गांवोगांव पुराणें सांगणारा, औषधी मुळ्या विकणारा, दोरीवर चालून दाखविणारा, यांचें काम हें काम आहे कीं भीक आहे, याचा निकाल एका रकान्यानें लावून टाकला.

(५)

ज्या काळांत शिरगणतीचें हें यंत्र उभें राहत होतें, त्याच काळांत दुसरेंहि एक पुस्तक उघडलें गेलें. १८७१ सालच्या २७ व्या कायद्यानें कांहीं जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला. हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागू होता. १९११ च्या कायद्यानें त्याची कक्षा मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत पोंचली व १९२४ सालीं त्याचें एकत्रीकरण झालें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील मर्म असें कीं, ज्या जमातीस निश्चित वसतिस्थान नाहीं तिच्यासाठीं तें नेमून देण्याची तरतूद पहिल्याच कायद्यांत होती. ठिकाण नसणें हें अपराधाचें लक्षण, आणि ठिकाण लादणें हा त्यावरील उपाय!

या कायद्याखालीं नोंदपुस्तक होई. नोंदलेल्या माणसास ठराविक वेळीं हजेरी द्यावी लागे, गांव सोडावयाचा तर दाखला घ्यावा लागे. १९११ च्या कायद्यानें बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारहि दिला. जनगणनेनें एका रात्रीसाठीं शरीर हें ठिकाण मानलें. या पुस्तकानें आयुष्यभरासाठीं मानलें. घराचा पत्ता देतां येत नाहीं, तर बोटांच्या रेषा हाच पत्ता. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, कंजारभाट इत्यादि लोकांतील असंख्य माणसांचें नांव, वय व वर्णन सरकारी कागदावर प्रथम उमटलें तें याच पुस्तकांत. सोलापूर, हुबळी, विजापूर वगैरे ठिकाणीं वसाहती झाल्या. सोलापुरांत 'सेटलमेंट' हें नांव अजून लोकांच्या तोंडीं आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर रद्द झाला व त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. कायदा गेला हें उत्तमच झालें. परंतु संशोधकास एक कटु गोष्ट नमूद करणें भाग आहे. गांवदप्तरानें ज्यांचीं नांवें गाळलीं, त्यांचीं नांवें संशयाच्या दप्तरानेंच टिपून ठेवलीं. फिरस्त्या घराण्याच्या तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कोणी जुळवूं म्हणेल, तर पुष्कळदां त्याला अपमानाच्या या पुस्तकाशिवाय दुसरा आधार सांपडत नाहीं.

(६)

स्वातंत्र्यानंतर एका रात्रीची पद्धति मागें पडली. १९४१ च्या मोजणींतच ती सोडण्यांत आली होती. १९५१ पासून सुमारें तीन आठवडे घरोघर गणना, आणि बेघरांसाठीं मात्र अखेरची रात्र, अशी वहिवाट पडली. १९८१ पासून २०११ पर्यंतच्या मोजण्यांत ही रात्र २८ फेब्रुवारीची होती. म्हणजे सर्वांची रात्र गेली, ती घर नसलेल्यांपुरती उरली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखालीं, जिन्याखालीं, देवळाच्या मंडपांत, रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारे ते बेघर, अशी त्यांची व्याख्या. २००१ सालीं अशीं सुमारें १९ लक्ष ४३ हजार माणसें भारतांत मोजलीं गेलीं. २०११ सालीं सुमारें १७ लक्ष ७३ हजार, पैकीं महाराष्ट्रांत सुमारें २ लक्ष १० हजार. २०२१ ची मोजणी साथीमुळें झाली नाहीं; १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें पुढील जनगणनेचा संदर्भदिन देशाच्या बहुतेक भागासाठीं १ मार्च २०२७ हा ठरविला.

बेघर व भटका हे शब्द समानार्थी नाहींत, हें येथें सांगितलें पाहिजे. शहरांतील पदपथावरचा मजूर बेघर असतो, पण त्याचें गांव असतें. भटक्याचें पाल त्याच्या बरोबर असतें, पण गांव नसतें. मोजणीचा तक्ता या दोघांस एकाच रात्रीं एकाच रकान्यांत गांठतो.

या ठिकाणीं आमचा स्वतःचा एक अनुभव सांगण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी. शिक्षक व प्रगणक हें नातें जुनें आहे. १९९१ च्या फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्रीं एका तालुक्याच्या गांवीं आठवड्याच्या बाजाराच्या पटांगणांत आम्ही कंदील व कागद घेऊन गेलों होतों. कडेच्या निंबाखालीं एक कुटुंब उतरलें होतें. दोन गाढवें, चार भांडीं, एक पाल, सात माणसें. नांवें झालीं, वयें अदमासानें झालीं. कुटुंबांतील म्हातारीस आम्हीं जन्मस्थान विचारलें. ती म्हणाली, "मढीच्या जत्रंला चालल्याली तवा वाटंत झाले म्हनं मी, गुरुजी." कोणतें गांव जवळ होतें असें विचारतां ती हसली व म्हणाली, "जत्रा जवळ हुती."

तक्त्यांत गांव, जिल्हा व राज्य लिहावयाचें होतें. रात्र वाढली होती, पुढें बसस्थानक राहिलें होतें. आम्हीं त्या पटांगणाच्या गांवाचेंच नांव तेथें लिहिलें व पुढें गेलों. चूक केवळ आमची होती. ज्या बाईनें आपला जन्म नेमका कोणत्या सुमारास झाला हें सांगितलें होतें, तिच्या नांवावर आम्हीं एक खोटें गांव चढविलें. चाळीस वर्षें जुन्या कागदांतील लेखकांच्या चुका दाखविण्यांत आम्हीं घालविलीं. त्या रात्रीं आम्ही स्वतः तसलेच लेखक ठरलों.

पुढें त्या उत्तराचा विचार करतां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, म्हातारीनें प्रश्नास बगल दिली नव्हती. तिनें पत्ताच दिला होता. अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांतील मढी येथें कानिफनाथाच्या यात्रेस, अथवा जेजुरीस पौष पौर्णिमेच्या सुमारास, निरनिराळ्या भटक्या जमाती पिढ्यान् पिढ्या एकत्र येत. तेथें त्यांचे बाजार भरत, सोयरिकी जुळत, पंचायती बसत. पंचायतींच्या न्यायाचे गुणदोष हा निराळा विषय आहे. मुद्दा एवढाच कीं, वर्षभर कोठेंहि न सांपडणारा मनुष्य त्या तिथीस त्या ठिकाणीं हमखास सांपडे. स्थिर लोकांचा पत्ता स्थलाचा असतो, फिरत्या लोकांचा पत्ता तिथीचा असतो. आपल्या तक्त्यांत तिथीसाठीं रकाना नाहीं.

(७)

नोंद ठेवण्याची विद्या स्थिर लोकांचीच, असाहि समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाहीं. कोल्हापूर, सांगली, बेळगांव या बाजूस हेळवी नांवाचे लोक बैल घेऊन गांवोगांव फिरतात व ठराविक घराण्यांची वंशावळ वाचून दाखवितात. नवीन जन्मलेल्यांचीं नांवें त्यांत घालतात व त्याबद्दल धान्य किंवा पैका घेतात. म्हणजे घर नसलेल्यांनीं घरवाल्यांची खानेसुमारी पिढ्यान् पिढ्या सांभाळली आहे! त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचें मोल आम्ही संशोधक जाणतों. परंतु तेथें प्रथम आडनांव व मूळ गांव विचारतात; गांव नसलेल्यास त्या वहींत शिरण्यास वाट कठीण. हेळव्याचें बाड स्वतः चालत येतें. त्यानें आमचीं नांवें लिहिलीं; त्याचें नांव आम्हीं कोठें लिहिलें, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकानें स्वतःस विचारण्यासारखा आहे.

(८)

हा सर्व ऊहापोह केवळ शब्दांचा नव्हे. महाराष्ट्रांत १९६१ सालीं १४ विमुक्त व २८ भटक्या जमातींची सूची सिद्ध झाली. तेव्हांपासून या जमातींच्या मनुष्यास जातीचा दाखला काढावयाचा असला, तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींपासून आपलें घराणें या राज्याच्या हद्दींत राहत होतें हें दाखविण्याचा प्रसंग सामान्यतः येतो. गांवच्या शेतकऱ्यास हें अवघड नाहीं. त्याच्यासाठीं सातबारा आहे, कोतवाल बुकांतील जन्ममृत्यूची नोंद आहे, आजोबांच्या शाळेचें जनरल रजिस्टर आहे. परंतु ज्याचा आजा त्या वर्षीं चाळीस गांवांच्या शिवेवर चाळीस रात्री निजला, त्यानें यांपैकीं काय आणावें? नेमकें ज्याचें ठिकाण नव्हतें म्हणून ज्याला सूचींत घातलें, त्याच्याकडे ठिकाणाचा पुरावा मागावयाचा, असा हा प्रसंग आहे.

कोणी म्हणेल, १९५१ व १९६१ सालीं रात्रीं कंदील घेऊन सरकार त्याच्याकडे गेलें होतेंच. तो कागद काढावा. येथेंच आमच्या आरंभींच्या विधानाचा उलगडा होतो. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानें व्यक्तीची नोंद गुप्त ठरविली आहे. ती कोणास पाहतां येत नाहीं व सामान्यतः पुराव्यांतहि घेतां येत नाहीं. हा नियम चांगल्या हेतूनें केलेला आहे. तो नसता तर लोक प्रगणकास खरें सांगते ना. परंतु परिणाम असा कीं, जें एकच सरकारी पुस्तक बेघरापाशीं आपण होऊन, कर न मागतां व संशय न धरतां गेलें, तेंच त्याच्यासाठीं साक्ष देऊं शकत नाहीं. साक्ष देऊं शकतें तें पोलिसांचें हजेरीपुस्तक. निर्मळ नोंद मुकी आणि डागाळलेली नोंद बोलकी, ही या लोकांच्या इतिहासाची शोकांतिका आहे.

अलीकडे जे मार्ग निघाले आहेत ते पाहिले तर जुन्याच रीति नव्या वेषांत दिसतात. मतदारयादींत बेघराचें नांव घालतांना कागदोपत्रीं पुराव्याचा हट्ट धरीत नाहींत. नमुना ६ मध्यें दिलेल्या ठिकाणीं तो खरोखर निजतो कीं नाहीं हें मतदान केंद्राचा अधिकारी रात्रीं जाऊन पाहतो. ही १८८१ ची रात्रच होय. फरक इतकाच कीं, येथें त्या रात्रीच्या पाहणीचें फळ त्या मनुष्याच्या हातीं पडतें. आधारच्या नोंदणींत ज्याच्याजवळ कागद नाहींत त्याच्यासाठीं 'परिचयदाता' ठेवण्याची सोय करण्यांत आली होती. तो कौटिल्याच्या धर्मशाळाचालकाचा वंशज म्हणावा लागेल. हमीची रीत वाईट नाहीं. मात्र हमी देणारा भला मनुष्य भेटला पाहिजे.

आतां आमच्या वाचकवर्गास एक विनंती करून हा लेख पुरा करतों. संग्राहकांच्या घरीं जुनीं रुमालें येतात तेव्हां सनदा, पत्रें, महजर, पोथ्या निवडून ठेवितात व गांवखर्चाचे तुकडे, यात्रेच्या वसुलीचे कागद, वनचराईच्या याद्या, दाखल्यांचीं अर्धुकें 'किरकोळ' म्हणून बाजूस सारतात. आम्हींहि तसें केलें आहे. थोरामोठ्यांच्या घराण्यांस त्या तुकड्यांची गरज नाहीं, त्यांच्याजवळ सनदा आहेत. ज्यांच्याजवळ कांहींच नाहीं त्यांचा इतिहास असला तर त्या किरकोळ तुकड्यांतच असणार. एखाद्या यादींत एखाद्या नायकाचें नांव व तिथि सांपडली, तर ती उतरून घ्यावी. कागद कोणत्या गांवचा, कोणाच्या दप्तरांतला, कोणत्या सालचा हें त्यावर नोंदवावें. आणि विचारीत येणाऱ्यास तो दाखवावा. हजेरीपुस्तकासारखे कागद हातीं आले तर ते जपावे, परंतु त्यांतील नांवें प्रसिद्ध करूं नयेत. ज्यांच्या आज्यापणज्यांचीं तीं नांवें आहेत त्यांचा त्यांवर पहिला हक्क आहे.

निंबाखालच्या त्या म्हातारीचें नांव आम्हांस आठवतें. परंतु येथें तें लिहीत नाहीं. जन्मस्थानाच्या रकान्यांत जें लिहावयाचें राहून गेलें तें मात्र आतां लिहून ठेवतों: मढीच्या वाटेवर, यात्रेच्या सुमारास.